पडद्यामागच्या हातांना

आमच्या शाळेचं ऑनलाइन वृत्तपत्र सुरू झालं तेव्हा आमच्याकडे नुसता उत्साह होता. वर्डप्रेसवर साइट उभी करून देणाऱ्या दादा, तुझे आभार कसे मानू? पासवर्ड एकाकडेच ठेवू नका, दर आठवड्याला बॅकअप घ्या, असं तू बजावलंस, म्हणून साइट बंद पडली तेव्हाही आमच्या सगळ्या बातम्या शाबूत राहिल्या.

आणि बाई, तुम्ही! पहिल्याच बातमीत आम्ही एका खेळाडूचं नाव चुकवलं. तुम्ही ते गुपचूप बदलू दिलं नाहीत. खाली तारखेसह दुरुस्ती लिहायला लावलीत, त्या मुलीची माफीही मागायला पाठवलंत. त्या दिवशी आम्ही खरे बातमीदार झालो.

फोटोंना संमती देणारे पालक, आणि रात्री जागून एकेक वेलांटी तपासणारी ताई, तुमचेही मनापासून आभार.