काका, वही माझ्याकडे नीट आहे

प्रिय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही ठाण्याला लेकीकडे राहायला गेलात त्याला आता दोन महिने होतील. निघताना आभार मानायचे राहून गेले. खरं तर तुम्ही मानू दिले नाहीत. "रिक्षा खोळंबलीय" म्हणालात आणि शनिवारच्या बुद्धिबळाची वही माझ्या हातात कोंबून गेलात. म्हणून हे पत्र, आणि आपल्या शनिवारच्या मंडळींनीही वाचावं म्हणून उघडं.

तीन वर्षांपूर्वी वाचनालयाच्या व्हरांड्यात मी बुद्धिबळाची पहिली स्पर्धा ठेवली, तेव्हा घोडा अडीच घरं जातो यापलीकडे मला फारसं येत नव्हतं. २४ मुलं आली. हरला की बाहेर, असा माझा साधा हिशेब. पाऊण तासात १२ मुलं चपला घालून घरी. पुढच्या शनिवारी आली ९. तुम्ही वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसून हे सगळं बघत होतात. उठता उठता एवढंच विचारलंत, "मॅडम, हरलेल्या पोरांनी तुमचं काय घोडं मारलंय?"

मग तुम्ही घरून जुन्या लग्नपत्रिकांची कापलेली कार्डं घेऊन आलात. प्रत्येकाच्या नावाचं एक कार्ड. त्यावर गुण, कोणाशी खेळला, पांढरी मिळाली की काळी. स्विस लीग म्हणजे काय हे मला त्या कार्डांनी समजावलं. बाद कोणीच होत नाही. एका गुणवाल्याची गाठ एका गुणवाल्याशी, शून्यवाल्याची शून्यवाल्याशी, आणि एकदा भेटलेले दोघे पुन्हा भेटत नाहीत. पाच फेऱ्या झाल्या तरी २४ च्या २४ मुलं जागेवर! सगळ्यात खाली असलेल्या पोरालाही शेवटच्या फेरीत आपल्या तोडीचा भिडू मिळाला आणि तो चक्क जिंकला. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून हयात गेलेल्या माणसाला हे जमणारच म्हणा. "पट क्रमांक चार, पांढरी सोंगटी, खेळाडूंनी त्वरित आसनस्थ व्हावे" ही तुमची घोषणा पोरं अजून नाकातून म्हणून दाखवतात.

तुम्ही मूळचे सांगलीचे. बुद्धिबळासाठी झटलेल्या भाऊसाहेब पडसलगीकरांच्या, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावचे. भाग्यश्री साठे, स्वाती घाटे यांच्यासारख्या बुद्धिबळपटू ज्या गावाने दिल्या त्या गावचे. मला वाटलं, आता हे मुलांकडून सुरुवातीच्या चाली घोकून घेणार. तुम्ही घोकून घेतली ती हजेरी! डाव संपला की जिंकणाऱ्याने उठायचं नाही, दहा मिनिटं हरलेल्यासोबत बसून डाव पुन्हा मांडायचा, आणि समोरच्याची एक तरी चांगली चाल शोधून दाखवायची. काही आईवडिलांना हे वेळखाऊ वाटायचं. मलाही वाटायचं, आज कबूल करते.

देशी पद्धतीने खेळणारे ते दोन आजोबा आठवतात? प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर, राजाला एकदा घोड्याची चाल, शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं ज्या मोहऱ्याचं घर तोच मोहरा होणार. मुलं हसायला लागली होती. तुम्ही नियम शिकवत बसला नाहीत. कोपऱ्यात त्यांचा पट वेगळा मांडून दिलात. आता त्या पटाभोवती सगळ्यात जास्त गर्दी असते.

जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बातुमीत कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकली, ग्रँडमास्टर झाली, आणि पुढच्याच शनिवारी आपल्याकडे ११ नव्या मुली. मी हरखून फोटो काढत होते. तुम्ही मात्र वहीत ११ नावं लिहून प्रत्येकीपुढे एका जुन्या भिडूचं नाव टाकत होतात. पहिले तीन शनिवार तिला त्याने सांभाळायचं. त्यातल्या ७ जणी अजून येतात.

त्या वहीत कोण जिंकलं हे कुठेच नाही, हे मला तुम्ही गेल्यावर पानं चाळताना कळलं. फक्त तारखा, नावं, हजेरीच्या खुणा, आणि लागोपाठ दोन शनिवार खूण नसली की नावापुढे लाल पेनाने 'घरी जाणे'. खाली कारण: 'परीक्षा'. 'सायकल मोडली'. 'धाकट्या भावाकडून हरला, लाज वाटते'. पावसाळ्यातही तुम्ही छत्री घेऊन एवढी घरं फिरलात आणि आम्हाला वाटायचं, पोरं आपणहून परत येतायत. काका, त्या प्रत्येक लाल ओळीसाठी तुमचे मनापासून आभार.

गेल्या शनिवारी ३१ खुणा पडल्या. दोन नावं लाल झाली आहेत. एका घरी जाऊन आले. त्याला चष्मा लागलाय आणि पोरं चिडवतील म्हणून बसलाय. तुमचा चष्मा आठव म्हटलं, येतो म्हणाला. दुसरं घर घाटावरच्या बोळात आहे, तिकडे उद्या जाते.

लाल पेन संपत आलंय. काकूंना नमस्कार.

आपली,
वाचनालयातली मॅडम