ग्रुप अ‍ॅडमिनला नुसत्या नोटिसा देऊन काय होणार?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

निवडणूक लागली किंवा कुठं दोन गटांत तणाव झाला की पेपरात एक बातमी हमखास येते, 'आक्षेपार्ह पोस्ट आल्यास ग्रुप अ‍ॅडमिनवर गुन्हा'. त्याच्या पाठोपाठ पोलीस ठाण्यातून नोटीस येते, गुन्हा घडू नये म्हणून आधीच ताकीद देणारी, आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची असायची, जुलै २०२४ पासून नवीन कायद्यात, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, तीच कलम १६८ ची झाली, मजकूर जवळपास तोच. मी शिराळा तालुक्यातल्या एका गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा अ‍ॅडमिन आहे. राजकारण, भावकी, देवस्थान सगळं एकाच ग्रुपात असल्यामुळं हे काम काय असतं ते बोलायला हवं असं वाटलं म्हणून लिहितोय.

नोटीस आली की काय होतं सांगतो. निम्मे अ‍ॅडमिन त्याच संध्याकाळी सेटिंगमध्ये जाऊन 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज पाठवू शकतात' करून टाकतात आणि मोकळे होतात. पण साहेब, गावच्या ग्रुपात काय फक्त गुड मॉर्निंग नसतं हो. लाइटचा डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, जळाला, नळाला पाणी कधी सुटणार, आज रात्रीची लाइट कुठल्या फिडरला, कुणाची म्हैस दावं तोडून गेली, कुणाच्या घरी मयत झाली आणि रक्षाविसर्जन किती वाजता, हे सगळं तिथंच कळतं. आमच्या भागात तर बिबट्या, उसात दिसला की दहा मिनिटांत सगळ्या वस्त्यांवर माहिती पोचते आणि रात्री मोटार चालू करायला जाणारा माणूस सावध होतो. ग्रुप बंद म्हणजे हे सगळं बंद. एकाच्या तोंडाला कुलूप लावायला सगळ्या गावाच्या तोंडाला कुलूप.

आणि कायदा काय म्हणतो तेही लोकांना कुणी सांगत नाही. मार्च २०२१ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका केसमध्ये स्पष्ट निकाल दिलाय. ग्रुपमधल्या एका मेंबरनं एका बाईबद्दल घाण लिहिलं, बाईनं तक्रार केली, अ‍ॅडमिननं ना त्याला काढलं ना माफी मागायला लावली, मी काय करणार म्हणून हात वर केले, म्हणून त्याच्यावरही गुन्हा दाखल झाला होता. कोर्टानं तो रद्द केला. का, तर अ‍ॅडमिनच्या हातात माणूस घेणं आणि काढणं एवढंच आहे, मेसेज पडायच्या आधी तो वाचून अडवायची सोय त्याच्याकडं नाही, आणि दोघांचं आधीच संगनमत असल्याशिवाय दुसऱ्याच्या लिखाणासाठी त्याला आरोपी करता येत नाही. पुढच्या वर्षी केरळ हायकोर्टानंही तेच धरलं. म्हणजे लिहिणारा जबाबदार. तुमच्या पेपरचं तसं नाही, तुम्ही पत्र आधी वाचता, काटता, मग छापता, म्हणून निवडीची जबाबदारी कुणाची ते नावासकट छापायला लागतं. ग्रुपात मेसेज आधी सगळ्यांच्या मोबाइलवर जाऊन पडतो आणि अ‍ॅडमिनला तो सगळ्यांबरोबरच दिसतो, कधी कधी तर तो शेतात असतो म्हणून सगळ्यात शेवटी दिसतो.

पण आता माझ्या अ‍ॅडमिन मित्रांना न आवडणारी गोष्ट. त्या निकालानंतर २०२२ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपनं अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करायची सोय दिली. म्हणजे गुन्ह्यातून सुटलो तरी 'माझ्या हातात काही नाही' असं आता म्हणता येत नाही. मेसेज एन्क्रिप्टेड असतात, कुणी रिपोर्ट केल्याशिवाय कंपनीलासुद्धा आत काय चाललंय ते दिसत नाही, त्यामुळं तिथल्या तिथं हात घालू शकेल असा माणूस एकच, अ‍ॅडमिन. तो झोपला तर सगळं चालतं.

काय चालतं ते आपल्या महाराष्ट्रानं बघितलंय. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं, कारण काय तर मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज त्या भागात फिरत होते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. तरी सप्टेंबर २०२२ मध्ये आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंग्यात, पंढरपूरकडं निघालेल्या चार साधूंना मुलं चोरणारे समजून काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारलं, ते वाचले ते नशीब. मारणारे कुठल्या दुसऱ्या मुलखातले नव्हते, आपलेच होते, कुणाच्या ना कुणाच्या ग्रुपातले.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की अ‍ॅडमिननं डिलीट करावं, बिनधास्त करावं, पण कशासाठी ते आधी सांगून करावं आणि सगळ्यांना एकच माप लावावं. आमच्या ग्रुपच्या माहितीत, म्हणजे वर नावावर दाबलं की जे येतं तिथं, चार ओळी लिहिल्यात. कुठल्याही बाईमाणसाचं, पोरीचं नाव घेऊन काही टाकलं तर विचारणा न करता उडणार. जातीवरून, धर्मावरून शिवी आली तर उडणार. मुलं पळवली, दंगल झाली, अमक्या ठिकाणी हाणामारी असलं काही टाकायचं असेल तर कुठलं गाव आणि तुम्हाला कुणी सांगितलं ते लिहायचं, नाहीतर उडणार. आणि पंचायतीच्या कामाबद्दल कुणी काहीही बोललं तरी त्याला हात लावायचा नाही, मग तो सरपंच माझा सख्खा चुलतभाऊ का असेना.

ही शेवटची ओळ सगळ्यात अवघड आहे. कुणी डांबर उखडलेल्या रस्त्याचा फोटो टाकला, खाली 'बिल किती निघालं?' एवढंच विचारलं, की दोन मिनिटांत फोन येतो, अरे ते काढ की, बदनामी चाललीय. ही बदनामी नव्हे हो, हा प्रश्न आहे आणि ग्रामसभेत निम्मे लोक बोलायला घाबरतात म्हणून तो मोबाइलवर येतो. बऱ्याच गावांत ग्रुप म्हणजे सत्ताधारी गटाचा भोंगा होऊन बसलाय, विरोधातला मेसेज गायब, आपल्या माणसाची शिवी मात्र तशीच लटकलेली. असं केलं की डिलीट झालेल्या चांगल्या-वाईट सगळ्याच मेसेजला लोक राजकारण समजायला लागतात, आणि मग खरंच एखादी अफवा काढून टाकायची वेळ येते तेव्हा अ‍ॅडमिनचं कुणी ऐकत नाही, चार पोरं तीच अफवा दुसऱ्या ग्रुपात टाकून मोकळी होतात.

डिलीट केलं की ग्रुपात तसं दिसतं, अ‍ॅडमिनच्या नावासकट. हे चांगलंच आहे. मागं मुलं पळवणाऱ्या टोळीचा एक व्हिडिओ आला, वर दोन बाणांची खूण, म्हणजे कितीतरी हात फिरून आलेला, आणि खाली लिहिलेलं 'आपल्या भागातलं आहे, सावध रहा'. व्हिडिओतल्या दुकानाची पाटी दुसऱ्याच भाषेत होती, आपल्या भागात कुठं अशी पाटी असते? काढला, आणि लगेच खाली लिहिलं की का काढला, पाटी बघा, पोलीस पाटलांना विचारलंय, असं काही झालेलं नाही, कुणाला शंका असेल तर ११२ ला फोन करा. टाकणाऱ्याला वेगळा फोन केला, सगळ्यांसमोर त्याचा पाणउतारा केला नाही, कारण त्यानं पोरांच्या काळजीनंच टाकलं होतं. नुसतं डिलीट करून गप्प बसलो असतो तर 'काहीतरी दडवतायत' म्हणून तोच व्हिडिओ दुप्पट फिरला असता. कारण लिहिणं हे डिलीट करण्याएवढंच महत्त्वाचं आहे, माझ्या मते जास्तच.

आता तुमच्याकडं आणि पोलिसांकडं मागणं. पोलिसांनी नोटीस जरूर द्यावी, पण तिच्यात एक फोन नंबर असावा, ज्यावर रात्री अकरा वाजता अ‍ॅडमिननं 'हे खरं आहे का' विचारलं तर कुणीतरी हो किंवा नाही सांगेल. सध्या विचारायला गेलं की आधी तुझंच नाव, पत्ता, ग्रुप कुणी काढला याची चौकशी, मग माणूस पुढच्या वेळी विचारतच नाही. आणि तुम्ही 'अ‍ॅडमिनवर गुन्हा' अशी बातमी छापाल तेव्हा खाली हायकोर्टाच्या निकालाच्या दोन ओळी पण छापा, म्हणजे घाबरून ग्रुप बंद करणारे थांबतील. शिवाय जिल्हा पुरवणीत रोज एक छोटी चौकट द्या, आज जिल्ह्यात कुठला खोटा मेसेज फिरतोय आणि खरं काय आहे, एवढीच. त्या चौकटीचा फोटो काढून मी ग्रुपात टाकेन. छापलेल्या कागदावर गावात अजून विश्वास आहे, माझ्या तोंडी सांगण्यापेक्षा तो जास्त कामाला येतो.

आपला,
एक वाचक आणि ग्रुप अ‍ॅडमिन
ता. शिराळा, जि. सांगली