विक्री मालकाच्या मोबाइलमध्ये अडकू नये

मा. संपादक,

सोलापूरच्या टॉवेल, चादर आणि गणवेशाच्या धंद्यावर चर्चा होते ती सूतदर, वीजबिल आणि कामगार यांचीच. कारखान्याची वाढ मात्र बहुधा विक्रीपाशी अडते. चौकशी मालकाच्या मोबाइलवर येते, दर त्याच्या तोंडी आणि पार्टीची, म्हणजे माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाची, खोड त्यालाच ठाऊक. पाच-सहा पार्ट्यांपर्यंत हे निभते, तीस झाल्या की फोन राहून जातात. सेल्समन ठेवला तरी त्याच्या हाती द्यायला लिहिलेले काहीच नसते.

सुरुवात एका नोंदवहीने करावी. पार्टी, गाव, माल, नग, कधीपर्यंत हवा आणि पुढचा फोन कोणत्या तारखेला, एवढे रकाने पुरतात. शेवटचा रकाना रिकामा ठेवायचा नाही. चौकशी बहुतेक वेळा तिथेच मरते.

दर सांगण्याआधी ठरलेले प्रश्न विचारलेच पाहिजेत: माप, जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन), रंग, पॅकिंग, माल हॉटेलसाठी की दुकानासाठी. ३० बाय ६० इंची, ४५० जीएसएमचा टॉवेल साधारण ५२० ग्रॅम भरतो, म्हणजे डझनाला सव्वासहा किलो. सूत किलोमागे १० रुपयांनी चढले तर डझनामागे ६० रुपयांच्या वर जातात. म्हणून कोटेशनवर ‘हा दर सात दिवसांपुरता’ असे छापलेले असावे. तोंडी दिलेला दर पार्टी महिनाभरानेही धरून बसते, आणि नफा तिथेच जातो.

नमुना पाठवताना त्याच कापडाचा तुकडा तारीख घालून स्वतःकडे ठेवावा. रंगछटेवरून माल परत येतो तेव्हा दाखवायला दुसरे काही नसते. नमुना पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी फोन, मग दहाव्या दिवशी. ऑर्डर हातची गेली तर कारण एका शब्दात लिहावे: दर, वेळ, रंग की उधारी. तीन महिन्यांची पाने चाळली की खरे दुखणे दिसते. ‘दर जास्त’ हे पार्टीचे ठरलेले उत्तर असते, पण पुष्कळदा माल वेळेवर मिळेल याची तिला खात्री नसते. गणवेशात तर वेळच सगळे ठरवते. जूनमध्ये शाळा भरणार, तर जुन्या शाळांना जानेवारीतच फोन आणि मापांचा तक्ता गेला पाहिजे.

वसुली हाही विक्रीचाच भाग. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. आकारणी वर्ष २०२४-२५ पासून या मुदतीत पैसे न दिल्यास खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी प्राप्तिकरात दाखवता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षीच तो धरला जातो. तरीही कित्येक बिलांवर उद्यम क्रमांक, म्हणजे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून झालेल्या सरकारी नोंदणीचा क्रमांकच नसतो. तो छापावा, देय तारीखही छापावी, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी आठवणीचा फोन करावा. जुनी बाकी थकली असेल तर नवा माल लोड करायचा की नाही, हेही आधीच लिहून ठेवावे. ट्रक दारात उभा असताना ठरवू नये.

शहरातील उद्योग संघटनांना विनंती आहे की, अशी नोंदवही आणि कोटेशनचा कोरा नमुना मराठी व तेलुगू, दोन्ही भाषांत छापून अक्कलकोट रोड आणि चिंचोळी एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांना द्यावा. खर्च थोडा आहे, आणि पुढचा हंगाम येण्याआधी हे होऊ शकते.

– एक वाचक, सोलापूर