सरकारलाही धुरा हवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मर्यादित शासनाचं, म्हणजे सरकारच्या अधिकाराला धुरा (शेताचा बांध) घालण्याचं, उदाहरण द्यायचं म्हटलं की आपले लेखक थेट अमेरिकेची राज्यघटना काढतात. आपल्या अंकातल्या लेखातही तेच झालं. आम्ही पैनगंगेच्या काठचे कापूसवाले. आम्हाला हा विषय आमच्या बंडीनं (बैलगाडीनं) शिकवला.

१९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. कापूस द्यायचा तर सरकारलाच, राज्याबाहेर न्यायचा नाही. आम्हाला आदिलाबादची बाजारपेठ जवळ. कधी कधी तिकडं भाव चढा असे, पण नदी ओलांडली की स्वतःच्या वावरातला माल चोरटा ठरायचा. बाबा रात्री बंडी जुंपायचे. बैलांच्या घुंगरमाळा आधी काढून ठेवायचे, नाहीतर नाक्यापर्यंत आवाज जायचा. इकडं सरकारी खरेदी केंद्रावर घातला तर ग्रेडर म्हणेल ती प्रत, अन् चुकारा (मालाचे पैसे) हप्त्याहप्त्यानं. योजना काही वाईट हेतूनं आणली नव्हती. व्यापाऱ्याच्या तावडीतून सोडवायलाच आणली होती. पण सरकारनं थांबायचं कुठं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. शेजाऱ्यानं धुरा फोडून दोन तास (नांगराच्या ओळी) आत नांगर घातला तर जमिनीची मोजणी आणता येते. इथं मोजणी कुणाकडून आणणार?

मोजणी आणून दाखवली ती आपल्याच विदर्भातल्या मेंढा (लेखा) गावानं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा पुष्कळांना ठाऊक आहे, पुढची कटकट कमी लोकांना. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू गावाबाहेर न्यायचा म्हटलं की वाहतूक परवाना वनखात्याचाच. नव्या कायद्यानं बांबूला गौण वनोपज, म्हणजे गावाला तोडून विकता येणारा माल, म्हटलेलं, खातं मात्र १९२७ चा वन कायदा काढून बांबू हे झाड आहे म्हणायचं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. हक्क कागदावर दोन वर्षं आधीच होता, पण पुस्तक हाती आलं तेव्हा कुठं बांबू हलला.

परदेशातलंच पाहिजे असेल तर स्वित्झर्लंड घ्या. तिथं केंद्र सरकारचा प्राप्तिकर आणि व्हॅट गोळा करायचा अधिकारच मुदतीचा आहे. २०१८ मध्ये लोकांनी मतदान करून तो २०३५ पर्यंत वाढवून दिला. त्यापुढं हवा असेल तर पुन्हा लोकांकडं यायचं. म्हणून काही तिथलं सरकार लुळं पडलेलं नाही.

आमचे चिरंजीव म्हणतात, एकाधिकाराचं रडगाणं आता पुरे, तो कधीचाच गेला. गेला खरा. पण १९ ऑगस्ट २०२५ पासून केंद्रानं कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क एका अधिसूचनेनं काढून टाकलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. बाहेरचा कापूस स्वस्तात यायची वाट मोकळी झाली. आमची पऱ्हाटी (कापसाचं पीक) तेव्हा पात्या-फुलांवर होती. खत, निंदण, फवारणी, सगळा पैसा मातीत गेलेला. सूतगिरण्यांची अडचण असेलही, मी नाही म्हणत नाही. हेच पेरणीआधी कळलं असतं तर कैकांनी तुरीचं क्षेत्र वाढवलं असतं.

हमीभावासाठी खरेदी केंद्रावर रांग लावता अन् वर सरकारला मर्यादा घाला म्हणता, असा टोमणा गावात बसतो. बसू द्या. भाव पाडायची मुभा सरकारनं अमर्याद ठेवली आहे, तोवर मी हमीभाव मागणारच.

माझं मागणं एवढंच. जून ते मार्च या काळात शेतमालाचं आयात शुल्क, निर्यातबंदी किंवा साठ्याची मर्यादा बदलायची तर संसदेत आधी मतदान व्हावं, आणि हे कायद्यातच लिहावं. विदर्भातल्या एखाद्या खासदारानं येत्या अधिवेशनात तसं खासगी विधेयक मांडावं. मसुद्याला माणूस मिळत नसेल तर कळवावं, आमच्या तालुक्याच्या कोर्टात पऱ्हाटी लावणारे वकील भरपूर आहेत.

आपला,
एक कापूस उत्पादक
ता. केळापूर, जि. यवतमाळ