आण्णा, इथली मोटार कागदावर ट्रक असते

ॲन आर्बर, मिशिगन
9 नोव्हेंबर 2025

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुमची आणि दादाची जुंपली तेव्हा मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. दादाला उंच गाडी घ्यायचीय, तुम्हाला आहे ती छोटी अजून पाच वर्षं रेटायचीय, आणि दोघांच्याही तोंडी माझंच नाव: ‘हिला विचारा, ही गाड्यांच्या गावात राहते.’ विचारलंतच तर सविस्तर लिहिते. फोनवर तुम्ही अर्ध्यात ‘बरं बरं’ म्हणून आईकडं फोन देता. पत्र वहिनीकडून मोठ्यानं वाचून घ्या, म्हणजे दादाच्याही कानावर जाईल.

तुम्ही म्हणालात, तिकडं पेट्रोल पाण्याच्या भावानं मिळतं म्हणून लोक एवढी धुडं पाळतात. ते अर्धं खरं. सध्या गॅलनला तीन डॉलरच्या आसपास पडतात, म्हणजे आपल्या हिशेबानं लिटरला सत्तर-बाहत्तर रुपये. केंद्र सरकारचा कर गॅलनमागं 18.4 सेंट, आणि तो 1993 पासून तसूभरही वाढलेला नाही. वाढवायची कुठल्याच पक्षाची छाती होत नाही. पण महागाई धरून हिशेब केला तर 1975 सालचा भावही आजच्यापेक्षा फार वेगळा नव्हता, आणि तेव्हा नव्या दहा गाड्यांतल्या आठ साध्या बुटक्या मोटारी असायच्या. आज दहातल्या जवळजवळ आठ पिकअप, एसयूव्ही नाहीतर तसल्याच उंच गाड्या.

मग मधल्या पन्नास वर्षांत लोकांची आवडच बदलली का? कंपन्या तसंच सांगतात, गिऱ्हाईक मागतं ते आम्ही बनवतो. मी याच धंद्यात पोट भरते, पण मला हे पटत नाही. सरकारनं कायद्यात एक रेघ ओढली. कंपन्या रेघेच्या सोयीच्या बाजूला जाऊन बसल्या, तिथंच पैसा ओतला, तिथंच जाहिराती केल्या आणि मग लोकांची आवडही तिकडंच गेली. तुमच्या आणि दादाच्या भांडणातही अशीच एक रेघ आहे, ते पुढं येईल.

1973 मध्ये अरब देशांनी अमेरिकेचं तेल तोडलं आणि पंपांवर रांगा लागल्या. डिसेंबर 1975 मध्ये प्रेसिडेंट फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्यानं मोटार कंपन्यांवर ॲव्हरेजचं बंधन आलं. एकेका गाडीवर नव्हे, तर कंपनीनं वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांच्या सरासरीवर. आपल्या साखर कारखान्याच्या उताऱ्यासारखंच हे, म्हणजे उसातून किती साखर निघते त्यासारखं. तुमच्या उसाचा उतारा कितीही चांगला असो, दर ठरतो तो कारखान्याच्या सरासरीवर. त्यामुळं ज्या कंपनीला पेट्रोल ढोसणाऱ्या गाड्या विकायच्या, तिला सरासरी सांभाळायला छोट्या गाड्याही खपवाव्या लागायच्या, प्रसंगी नफा सोडून. 1978 च्या मॉडेलांना लक्ष्य होतं गॅलनला 18 मैल, म्हणजे लिटरला साडेसात किलोमीटर. 1985 पर्यंत 27.5 मैल, म्हणजे पावणेबारा. हसू नका, त्या वेळच्या इथल्या गाड्यांना हेही जड गेलं. पण जमलं. गाड्या आखडल्या, हलक्या झाल्या, आणि जपानी कंपन्यांना तर आयतं मैदान मिळालं.

बंधन खरं कडक होतं ते मोटारींना. ‘लाइट ट्रक’ म्हणून वेगळा वर्ग ठेवला आणि त्याला बेताचं लक्ष्य दिलं, कारण ट्रक म्हणजे शेतकऱ्याचा, सुताराचा, प्लंबरचा पिकअप, पोटापाण्याची गाडी. तुम्ही तिथं असतात तर तुम्हीही हीच सूट मागितली असतीत. पुढं 1978 मध्ये कमी ॲव्हरेजच्या गाड्यांवर वेगळा कर आला, तोही फक्त मोटारींवर. आणि बाहेरून येणाऱ्या ट्रकवर 1964 पासून 25 टक्के जकात आहे, तिची गोष्ट तर ऐकाच. युरोपनं अमेरिकेच्या कोंबड्यांवर कर वाढवला, म्हणून उट्टं काढायला प्रेसिडेंट जॉन्सन यांनी ब्रँडी, बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन आणि छोटे ट्रक यांच्यावर जकात बसवली. बाकीच्या मालाची कधीच उठली. ट्रकची साठ वर्षांनंतरही तशीच आहे. भांडण कोंबड्यांचं आणि चांदी पिकअपवाल्यांची.

आता कंपनीच्या खुर्चीत बसून बघा. ट्रकला ॲव्हरेजची सवलत, करातून माफी, परदेशी स्पर्धक जवळजवळ नाही. कोण मोटारीच्या मागं लागेल? घरच्या माणसांना बसायची गाडीच कागदोपत्री ट्रक झाली. 1983 च्या अखेरीला क्रायस्लरची मिनीव्हॅन आली, मग जीप चेरोकी, 1990 ला फोर्डची एक्सप्लोरर. क्रायस्लरची पीटी क्रूझर म्हणून एक बुटबैंगण गाडी होती. मागची सीट काढली की सपाट जागा होते, एवढ्यावर तीही ॲव्हरेजच्या वहीत ट्रक!

आमच्या ऑफिसच्या पार्किंगमध्ये एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी-शेजारी लागतात. रंग सोडला तर जुळ्या बहिणी. एकीची पुढचीच चाकं ओढतात, दुसरीची चारही. पहिली सरकारदरबारी मोटार आणि दुसरी ट्रक. कारण नियम असा, की गाडी चारही चाकांनी ओढणारी असेल आणि जमिनीपासूनची उंची, पुढचा-मागचा चढणीचा कोन वगैरे पाच मापांपैकी चार जुळत असतील, तर ती ट्रक. त्यातलं एक माप म्हणजे पोटाखाली 20 सेंटिमीटर मोकळी जागा. मालकीणबाईंना याचा पत्ताही नसतो. त्या म्हणतात, बर्फात बरी पडते.

2007 च्या कायद्यानं नियम बदलले. आता लक्ष्य गाडीच्या चार चाकांमधल्या जागेवर ठरतं: पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर गुणिले डाव्या-उजव्या चाकांमधलं. जेवढी जागा जास्त, तेवढं लक्ष्य सोपं. हेतू वाईट नव्हता. नुसत्या छोट्या गाड्या बनवून कुणी आकडा गाठू नये, आणि मोठ्या गाडीतही सुधारणा व्हावी. झालं काय, तर लहान पिकअपला जवळजवळ मोटारीएवढं कडक लक्ष्य आलं आणि थोराड पिकअप निवांत राहिला. फोर्डनं आपला छोटा रेंजर 2011 मध्ये इथं बंद केला, आणि 2019 मध्ये आणला तो अंगानं भरून. 2018 मध्ये तर त्यांनी मस्टँग सोडून इथल्या सगळ्या साध्या मोटारी बंद करायचं जाहीर केलं.

लोकांचा काहीच हात नाही असं मात्र नाही. 2008 ला पेट्रोल चार डॉलरवर गेलं तेव्हा हेच लोक छोट्या गाड्यांसाठी धावत सुटले आणि शोरूमबाहेर धुडं धूळ खात पडली. भाव उतरले तसे सगळे परत धुडांकडं. म्हणून माझं मत विचाराल तर पेट्रोलवर थोडा थोडा कर वाढवत नेणं हा सरळ उपाय होता. पण कर पंपावर दिसतो, आणि नियमाचा खर्च गाडीच्या किमतीत लपतो. पुढाऱ्याला दुसरंच सोयीचं. त्यात दर सरकार नवा आकडा काढतं. ओबामांच्या वेळी 2025 पर्यंत 54.5 मैल जाहीर झालं, 2020 मध्ये ते ढिलं केलं, 2022 मध्ये परत आवळलं, आणि या जुलैत आलेल्या कायद्यानं लक्ष्य चुकवल्याचा दंडच शून्य केला. लक्ष्य आहे, दंड नाही. आमच्या कंपनीत चार-पाच वर्षांपुढचं काम चालतं, त्यामुळं कुठल्या आकड्यासाठी राबायचं हेच कुणाला कळेना झालंय.

दादा माहितीपत्रकातला लिटरला 20 किलोमीटरचा आकडा नाचवतो ना, त्याला हे वाचून दाखवा. माझं काम अशाच चाचण्यांचं. गाडी रोलरवर बांधलेली असते, चाकं जागच्या जागी फिरतात, समोरून पंखा वारा मारतो. ड्रायव्हर स्क्रीनवरच्या रेषेवर डोळे लावून बसतो. रेष चढली की पाय दाबायचा, उतरली की काढायचा. एसी बंद. इथल्या हायवेच्या चाचणीत वेग ताशी 60 मैलांच्या वर जातच नाही, आणि बाहेर हायवेवर 70 ची पाटी असताना लोक 80 नं हाणतात. त्यामुळं कायद्याच्या हिशेबात 50 मैल दिसणारी गाडी शोरूममध्ये काचेवरच्या कागदावर चाळिशीच्या आसपास येते. आपल्याकडचा आकडाही प्रयोगशाळेतलाच, आणि त्या चाचणीत वेगाची हद्द ताशी 90 किलोमीटर. आपल्या सांगलीच्या पुष्पराज चौकातली गर्दी त्यात कुठून येणार? वीसमधले पाच-सहा वजा करून चालायचं.

इथेनॉलवरूनही तुमचं वाजलं म्हणे. तुम्हाला उसाचे पैसे वेळेवर मिळतात म्हणून तुम्ही खूश, दादाला ॲव्हरेज पडलं म्हणून कुरकूर. दोघंही बरोबर आहात. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळं 20 टक्के मिसळलं की थोडा फटका बसणारच. जुन्या गाडीला जास्त. इथं इथेनॉल मक्याचं. आणि त्यातही गंमत आहे: 85 टक्के इथेनॉलवर चालू शकेल अशी गाडी बनवली, की 1988 च्या कायद्यानं कंपनीला ॲव्हरेजमध्ये वरकड मार्क मिळायचे, मग मालकानं उभ्या जन्मात त्यातला थेंबही भरला नाही तरी चालेल. मोठ्या पिकअपवर असे बिल्ले किती वर्षं चमकत होते! त्या मार्कांवर धुडांचं वजन झाकलं गेलं.

आता आपल्याकडची रेघ. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांवरचा उत्पादन शुल्क 24 वरून 16 टक्के केला. छोटी म्हणजे लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन 1200 सीसीपर्यंत, डिझेल 1500 पर्यंत. मग काय, डिकी कापलेल्या गाड्या निघाल्या. 2008 ची इंडिगो सीएस आठवते? मागून कुणीतरी करवत चालवल्यासारखी. पुढं त्याच चार मीटरमध्ये एसयूव्ही कोंबली. ब्रेझा 3,995 मिलिमीटर, म्हणजे रेघेच्या अर्धा सेंटिमीटर अलीकडं. परवाच्या 22 सप्टेंबरपासून जीएसटीत तीच मापं कायम राहिली: रेघेच्या आत 18 टक्के, बाहेर 40. दादाला वाटतं ही गाडी त्यानं पसंत केली. थोडी त्यानं केली, थोडी 2006 च्या अर्थमंत्र्यांनी.

ॲव्हरेजचं बंधन आपल्याकडंही 2017 पासून आहे आणि 2022 पासून आणखी आवळलंय. आपल्याकडं लक्ष्य वजनावर ठरतं. कंपनीच्या गाड्या सरासरीनं जड असल्या तर सूट जास्त. इथं जागा मोजतात, तिथं वजन, आणि दोन्हीकडं हलकी छोटी गाडी बनवणाऱ्याच्याच डोक्यावर ओझं. हे मला मुळीच पटत नाही.

दादाचा हिशेब करूया. महिन्याला हजार किलोमीटर धरा, घर ते मिरज आणि रविवारी शेतावर. उंच गाडीच्या चौदाच्या ॲव्हरेजला 71 लिटर, छोटीच्या अठराच्या ॲव्हरेजला 56. म्हणजे महिन्याला साधारण दीड हजाराचा फरक, वर्षाला अठरा-वीस हजार. परवडत असेल तर घे, पण पुराचं कारण सांगू नको. 2019 ला आपल्या गल्लीत कमरेच्या वर पाणी होतं, तिथं तीन-चार बोटं जास्त उंच गाडी काय करणार? पुराची वर्दी आली की गाडी आधी विश्रामबागेला नेऊन लावायची, मग ती कुठलीही असो.

आणि आण्णा, तुम्हालाही एक ऐकवते. आईचे गुडघे. मागच्या वेळी आले होते तेव्हा बुटक्या गाडीतून उतरताना ती दाराला आणि माझ्या हाताला धरून उठायची. उंच सीटवर माणूस सरळ बसतो आणि सरळ उतरतो. इथल्या म्हाताऱ्या माणसांत या गाड्या खपतात त्याचं हे साधं कारण आहे, त्यात ना जाहिरात ना कायदा. तेव्हा शोरूमला जाताना दोघांनी आईला घेऊन जा, छोट्या-उंच दोन्ही गाड्यांत बसवून-उतरवून बघा, आणि ती म्हणेल ती घ्या. रंग मात्र तिला विचारू नका, ती पांढराच म्हणणार.

घ्यायचीच ठरली तर डिसेंबरच्या सवलतीला भुलण्याआधी दादानं गाडीच्या बनावटीचा महिना बघून घ्यावा. जानेवारी लागला की ती मागच्या सालची होते आणि विकताना तेवढी किंमत पडते.

हळद पोचली, मेतकूट वाटेत फुटलं पण बरंचसं वाचलं. तुमच्या उसाला तोड कधी मिळतेय ते कळवा. आईला साष्टांग नमस्कार, वहिनीला आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची,
सुजाता