मुक्ता, आधी घोडी लाव

मुक्ता,

काल फोन तू ठेवलास की आपोआप कट झाला ते मला कळलं नाही. मी परत लावला नाही कारण माझा आवाज चढला होता आणि आई दारात उभी राहून ऐकत होती. रात्री झोप काही लागली नाही. आता साडेपाच वाजलेत, गच्चीवर शाल घेऊन बसलोय आणि मोबाईलवर हे लिहितोय. इकडे थंडी सुरू झाली, निफाडकडचे द्राक्षवाले आता रात्री शेकोट्या पेटवतील. तुमच्या मिशिगनला तर बर्फही पडला असेल.

आधी एक सांगतो आणि मग तो विषय बंद. हे काम पोरीबाळींचं नाही असं मी काल बोललो, ते बोलायला नको होतं. तोंडातून निघून गेलं. मला विचारायचं होतं की घोडी कुठे आहे, जॅकने उचललेल्या गाडीखाली लावायचा तो लोखंडी स्टँड. तू पाठवलेल्या फोटोत तू त्या जुन्या शेवरोले पिकअपच्या खाली अर्धी शिरलेली आहेस, बाहेर नुसते बूट दिसताहेत, पुढचं चाक काढून ठेवलंय आणि गाडी एकट्या जॅकवर उभी आहे. मी विचारलं तर म्हणालीस, नाना, मी दोन मिनिटांसाठी खाली गेले होते, फोटोपुरती. ते दोन मिनिटं ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. का फिरलं ते खाली लिहितो.

तू पाठवलेलं ते कॉइलओव्हर किटच्या फिटिंगचं पुस्तक शरदच्या पोराकडून प्रिंट काढून आणलं. तीन रात्री वाचतोय. इंग्रजी अडलं की चित्र बघतो, बोल्ट काय सगळीकडे बोल्टच असतो. पंचेचाळीस वर्षं माझी ट्रकच्या कमानपाट्यात, एकावर एक रचलेल्या त्या वाकड्या पट्ट्यांत गेली, मला आधी वाटलं हे कॉइलओव्हर म्हणजे काहीतरी कॉम्प्युटरचं प्रकरण असेल. तसं काही नाही. आधी स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा होता, आता शॉकअपच्या अंगावरच स्प्रिंग चढवली. आईला मी सांगितलं की स्प्लेंडरचा मागचा शॉकअप बघितलास ना, तसंच, फक्त दणकट, आणि बाहेरून आटे पाडलेले, म्हणजे रिंग फिरवली की गाडी वर खाली होते. आई म्हणाली मग एवढे पैसे कशाला. ते तू तिला सांग.

मला एक गोष्ट मात्र चांगली वाटली, तुझ्या गाडीला मागेसुद्धा पाटे नाहीत, कॉइल स्प्रिंग आहे. १९७२ चा पिकअप आणि मागे स्प्रिंग. त्या लोकांनी ओझ्याबरोबर बसणाऱ्याच्या पाठीचाही विचार केला होता. आपल्याकडे लासलगावहून कांदा भरून येणाऱ्या गाड्यांचे पाटे बघितलेस ना तू, उलटे वाकलेले असायचे.

आता हे नीट वाच. जुन्या गाडीत शॉकअपवर गाडीचं वजन नसतं. वजन स्प्रिंगवर, आणि स्प्रिंग चासीच्या वाटीत टेकलेली. शॉकअप नुसता गाडी उड्या मारते ते दाबतो. तू कॉइलओव्हर लावलास की वजनसुद्धा त्याच्यावर आलं आणि धक्काही त्याच्यावरच, आणि ते सगळं वरच्या ब्रॅकेटमधून आणि दोनचार बोल्टांतून चासीत जाणार. म्हणून किटबरोबर आलेले बोल्टच वापर. डोक्यावर सहा रेघा असतात ते. एखादा हरवला तर दुकानातून तीन रेघांचा आणून घालू नको, दिसायला सारखाच असतो. आपल्याकडे रेघांच्या जागी १०.९ कोरलेलं असतं, काम तेच.

आणि चासी बघ. तुमच्याकडे बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात म्हणालीस, ते मीठ लोखंड आतून खातं. वरून रंग चकाचक असेल. तारेचा ब्रश मार आणि मग हातोडीने टकटक करत जा, जिथे खणखणीत आवाज येतो तिथे लोखंड आहे आणि जिथे भदभद आवाज येतो तिथे ब्रॅकेट लावायचं नाही. हे तुला मी शिकवायची गरज नाही, हे तुला वयाच्या नवव्या वर्षी येत होतं.

आठवतं का तुला? मे महिन्याची सुट्टी, तू डबा घेऊन नाशिकच्या द्वारकेला वर्कशॉपवर आली होतीस. मी पाटे उघडून फरशीवर मांडले होते, मेन पाट्यापासून खालपर्यंत ओळीने. एकेक पाटा दोरीला टांगून मी हातोडी मारायचो. चांगला पाटा घंटेसारखा वाजतो, बराच वेळ वाजत राहतो. तडा गेलेला पाटा लगेच मरतो. तू पोत्यावर बसून ऐकत होतीस आणि चौथ्या पाट्याला म्हणालीस, नाना हा फुटका. मला तडा दिसत नव्हता. रॉकेल लावून पुसला, वर खडू घासला, तेव्हा सेंटर बोल्टच्या भोकापासून केसाएवढी रेघ उमटली. त्या दिवशी मी कोणाला काही बोललो नाही पण घरी येताना तुला उसाचा रस पाजला होता. आणि दुसऱ्या दिवशी तू परत आलीस तर तुला ओरडून हाकललं. तू रडत गेलीस. तुला वाटत आलंय की मुलगी म्हणून हाकललं. काल मी जे बोललो त्याने तुझी खात्रीच झाली असेल.

त्या दिवशी वर्कशॉपमध्ये जॅकवर गाडी होती, म्हणून हाकललं.

पांडूकाकाचा पाय पोलिओचा नाही. आम्ही तुला लहानपणी तसं सांगितलं आणि मग तेच चालत राहिलं. १९९१ चा पावसाळा होता, कांद्याची गाडी, मागचा पाटा तुटलेला. वर्कशॉपला घोड्या होत्या पण त्या दुसऱ्या गाडीखाली लावलेल्या. खाली ओली खडी. पांडू म्हणाला, नाना, सेंटर बोल्ट तुटलाय का तेवढं बघून येतो, दोन मिनिटं. मी म्हणालो, जा. मी सीनियर होतो, मी जा म्हणालो. आतून त्याने हात बाहेर काढला आणि एकोणीसचा पाना मागितला. मी वळलो, खोक्यात सतराचा होता, एकोणीसचा सापडेना, मी वाकून शोधत होतो आणि मागे आवाज झाला. मोठा नाही, पोतं टाकल्यासारखा. गाडी पडली ती त्याच्या डाव्या मांडीवर. पुढचं लिहीत नाही. मालकाने दवाखान्याचं बिल भरलं आणि तीन महिन्यांनी त्याला घरी बसवलं. मग आम्ही चार जणांनी मिळून त्याला पानाची टपरी टाकून दिली, ती तुला माहीतच आहे.

परवा तुझा फोटो मी त्याला दाखवायला नेला. खरं सांगतो, कौतुकाने नेला होता, तोपर्यंत मी स्वतः नीट बघितलाच नव्हता, मला नुसती तू आणि गाडी दिसत होती. त्याने चष्मा कपाळावर चढवला, दोन बोटांनी फोटो मोठा केला, तुझे बूट सोडून हळूहळू डावीकडे सरकवत जॅकपाशी आणला आणि मोबाईल माझ्या हातात परत दिला. म्हणाला, नाना, घोडी नाही. आणि पान लावायला लागला.

म्हणून काल तसं झालं. तुला इंजिनिअर करायला आम्ही काय काय केलं हे मी तुला ऐकवणार नाही असं ठरवलं होतं आणि काल तेही ऐकवलं. त्याबद्दल माफ कर. तू शिकलीस ते तुझ्या डोक्याने.

जुनी स्प्रिंग काढताना सगळ्यात जास्त सांभाळ. ती चासी आणि खालच्या आर्मच्या मध्ये दाबून बसवलेली असते, आर्मला चाकाशी जोडणारा बॉल जॉइंट सुटला की ती गोळीसारखी येते. नव्या स्प्रिंगवर ५०० लिहिलंय म्हणालीस, म्हणजे एक इंच दाबायला ५०० पौंड, आपले २२७ किलो, आणि जुनी तर कित्येक इंच दाबलेली आहे, तूच हिशेब कर. खालच्या आर्मखाली जॅक हवा, स्प्रिंगमधून साखळी घालून चासीला बांध. बॉल जॉइंटचा नट ढिला कर पण पूर्ण काढू नको, चार आटे राहू दे, मग नकलला, म्हणजे तो जॉइंट ज्यात बसतो त्या तुकड्याला, हातोडी मार म्हणजे आत घट्ट बसलेला टेपर सुटेल आणि नट आर्मला धरून ठेवेल. मग जॅकने दाब घेऊन नट काढ आणि जॅक अगदी हळू खाली सोड. तोंड समोर नको, बाजूला. आणि हे होत असताना गाडीचं वजन चासीखालच्या घोड्यांवर पाहिजे. दोन्ही बाजूंना. जॅक फक्त आर्मसाठी. जॅकमध्ये एक रबरी सील असतं आणि त्या सीलवर दीड टनाच्या वरची गाडी उभी असते, ते सील कधी जाईल हे कंपनीलाही सांगता येत नाही.

मी परत तिथेच आलो. येऊ दे.

ब्रेकचा कॅलिपर त्याच्या रबरी होजवर लोंबकळत सोडू नको, तारेने बांध. रबरी बुशचे बोल्ट गाडी हवेत असताना शेवटचे आवळायचे नाहीत, नुसते लावून ठेवायचे, गाडी चाकांवर टेकली, दोनदा दाबून बसली की मग आवळायचे, नाहीतर बुश कायमचा पिळलेला राहतो आणि सहा महिन्यांत फाटतो. पाट्याच्या शॅकलच्या बुशलाही आम्ही हेच करायचो. आट्यांना ग्रीस लाव, नाहीतर तुमच्या मिठाने रिंग जाम होईल आणि पुढच्या वर्षी फिरणार नाही. दोन्ही बाजूंची उंची मोजताना टेप एकाच ठिकाणाहून धर. मागचं काम तू उन्हाळ्यात करणार म्हणालीस, तेव्हा शॉकअप फार तिरका बसवू नको, ३० अंश झुकला की स्प्रिंगचा जोर पाऊणच उरतो, आणि मागे वेल्डिंग करायचं झालं तर त्या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये सीटच्या मागे असते हे विसरू नको, टाकी काढून लांब ठेवल्याशिवाय ठिणगी नको.

काम झाल्यावर अलाइनमेंट करून घे आणि शंभरेक मैल चालवून सगळे बोल्ट पुन्हा बघ. फिटनेसला गाडी न्यावी लागत नाही म्हणालीस तुमच्याकडे. मग बघणारं कोणी नाही, तुलाच बघायचंय.

१९७२ म्हटलं की मला दुसरंच आठवतं. मी दहा वर्षांचा होतो, सिन्नरकडे खडी फोडायच्या कामावर तुझे आजोबा आणि आजी दोघं जायचे, आम्ही पोरं घमेली उचलायचो, संध्याकाळी सुकडी मिळायची. घरात लाल मिलोच्या भाकरी, चावता चावत नसत. ती मिलो अमेरिकेतून यायची असं मास्तर सांगायचे. म्हणजे आम्ही ती खात होतो त्याच वर्षी तिकडे कोणीतरी तुझी ही गाडी बनवत होतं. ही गोष्ट मी परवापासून चार जणांना सांगितली. गायकवाड काकूंना दोनदा. त्यांनी तुझा फोटो त्यांच्या सुनेला पाठवला.

सिंहस्थाच्या कामाने द्वारकेला सगळी धूळ आहे. आपल्या वर्कशॉपच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे, फरशीवर पाट्यांचे ओरखडे अजून तसेच आहेत.

माईचा नातू १८ तारखेला निघतोय. त्याच्याबरोबर मेथीचे लाडू, दोन किलो चिवडा आणि माझा सी-पाना पाठवतोय, त्याने तुझी ती रिंग फिरेल का बघ, नाही बसला तर ठेव. बाभळीचे चार गुटके करून घेतले होते चाकाला लावायला, पण तो म्हणाला आजोबा २३ किलोच नेता येतात, म्हणून ते राहिले. लाकूड तिकडे मिळेलच. जे चाक काढशील ते तसंच आडवं चासीखाली सरकव, घोडी असली तरी. निखिलरावांना सांग की तू खाली असशील तेव्हा त्यांनी बाहेर उभं राहायचं आणि फोनवर बोलायचं नाही.

घोड्या दोन घे, जास्त वजनाच्या, पैसे मी पाठवतो, नको म्हणू नको. पक्क्या काँक्रीटवर लाव, उतारावर नाही. लावल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून बघ, मग खाली जा. त्या लावलेल्या घोड्यांचा फोटो पाठव, तुझा नको, नुसता घोड्यांचा. पांडूकाकाला दाखवायचाय.

आई उठली, चहा ठेवतेय. तिला पायाचं काही बोलू नको, तिला वाटतं मी तुला ते सांगणारच नाही.

तुझा
नाना