अण्णा, नळ्यांच्या पोटातलं वाचून दाखवलंत

आदरणीय अण्णा,
स. न. वि. वि.

आमची जुनी बंदूक तपासून दिलीत, त्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, चहासुद्धा स्वतःच मागवलात आणि निघताना "यात आभार कसले" म्हणून मला वाटेला लावलंत. म्हणून हे जाहीर पत्र. आजोबा-पणजोबांची विलायती दुनळी बंदूक परवान्यावर आहे, पण ती नेमकी काय आहे हे कुणालाच ठाऊक नाही, अशी आमच्यासारखी बरीच घरं असणार. त्यांच्याही उपयोगी पडेल.

बाबा गेल्यावर बंदूक तुमच्या बंदुकांच्या दुकानात जमा केली तेव्हा कागदावर एवढंच होतं: दुनळी, बारा बोअर, जुनी, विलायती. निवडणूक आली की बाबांनी ती चादरीत गुंडाळून पोलीस ठाण्यात नेऊन द्यायची, निकालानंतर सोडवून आणायची आणि खंडेनवमीला तिची पूजा करायची, इतकाच तिचा आमच्याशी संबंध. एका व्यापाऱ्याने तर फोटो पाहूनच निकाल दिला होता. दोन नळ्यांना जोडणाऱ्या वरच्या पट्टीवर वेस्टली रिचर्ड्स या बंदूक कंपनीचं नाव आणि लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटचा पत्ता, पण खाली शिक्के बर्मिंगहॅमचे. बारा बोअर म्हणता आणि नळीवर आकडा तेराचा. बाहेर घोडे, म्हणजे बार उडवणारे ठोके, नाहीत, म्हणजे फार जुनी नाही. सबब नाव खोटं, मिळेल त्या भावात द्या. बोलणं इतकं ठाम होतं की माझे दोन्ही भाऊ तयारही झाले होते.

तुम्ही मात्र नाव वाचलंच नाहीत. आधी पुढचं लाकूड काढलंत, नळ्या सुट्या करून फडक्यावर उलट्या ठेवल्यात आणि टॉर्च तिरपा धरलात. काळ्या तेलाखालून मुकुट वर आला, त्याखाली एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड, त्यांच्या बेचक्यांत बी, पी, सी ही अक्षरं. शेजारी तसाच दुसरा शिक्का, त्यात व्ही. "हे बर्मिंगहॅमचं परीक्षणगृह, 1813 चं. नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा, नळी टिकली तर शिक्का. लंडनचा शिक्का वेगळा असतो. पण वेस्टली रिचर्ड्स हे 1812 पासून बर्मिंगहॅमचंच घराणं. बाँड स्ट्रीटवर त्यांचं दुकान होतं, कारखाना नव्हता. मग बर्मिंगहॅमच्या मालावर बर्मिंगहॅमचा शिक्का, यात खोटं काय?" पहिली शंका तिथेच निकालात निघाली. इतकी वर्षं घरातले सगळे वरचं नाव वाचत आले, नळ्या उलट्या करून पाहायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तेराचं कोडं तर तुम्ही हातात देऊन सोडवलंत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर एकेका गोळीचा जो व्यास तो बारा बोअर, म्हणजे 0.729 इंच. तेराचा 0.710. त्या काळी परीक्षक नळीच्या मागच्या बाजूने मापाची कांडी नऊ इंच आत घालत. बाराची कांडी केसभर अडली तरी शिक्का तेराचा मारत, काडतूस बाराचंच चालायचं. मग तुम्ही तुमच्याकडची बाराची कांडी माझ्या हातात दिलीत आणि "ढकला" म्हणालात. ती अडली. म्हणजे एवढ्या काळात कुणी नळ्या आतून घासून मोठ्या केलेल्या नाहीत. डाव्या नळीवर ‘13 बी’ आणि ‘15 एम’ असे आकडे होते, मागे तेरा आणि तोंडाशी पंधरा. तोंड मुद्दाम आवळलेलं, छर्रे पसरू नयेत म्हणून. ही आवळ अजून शाबूत आहे, म्हणजे पुढून नळ्या कापलेल्याही नाहीत. आणि त्याच्याच खाली बारीक इंग्रजी अक्षरांत ‘नॉट फॉर बॉल’. आवळलेल्या नळीतून सबंध गोळी मारू नका, ही ताकीद. ही अक्षरं बर्मिंगहॅमला फक्त 1875 ते 1887 या काळात मारली जात. त्या तीन शब्दांनी आमच्या बंदुकीला जन्मसाल मिळालं, आमच्या पणजोबांचं काही अजून सापडलेलं नाही!

राहिले घोडे. ते आत आहेत. अ‍ॅन्सन आणि डीली हे दोघे याच कंपनीतले, त्यांनी 1875 साली ही रचना काढली. नळ्या खाली पाडल्या की आतले घोडे आपोआप चढतात. पुढे जगभर हीच रचना चालली. आमची दुनळी त्या पहिल्या दहा-बारा वर्षांतली. घोडे दिसत नाहीत म्हणून जिला नवी ठरवत होते, ती त्याच कारणाने दुर्मीळ निघाली.

नळ्या तारेला टांगून तुम्ही टिचकी मारलीत तो आवाज भावाने फोनवर घेतलाय. देवघरातल्या घंटेसारखा लांबत गेला. पट्टी कुठे सुटली असती तर बद्द वाजलं असतं म्हणालात. दस्त्याच्या नक्षीत अडकलेलं खंडेनवमीचं कुंकू मी नखाने काढायला गेले तर तुम्ही माझा हात धरलात. "राहू दे. तोही इतिहासच आहे."

सगळ्यात मोठे आभार मात्र तुम्ही जे करू दिलं नाहीत त्याचे. परवान्याची कटकट नको म्हणून नळ्यांना भोकं पाडून ती भिंतीवर लावायचा सल्ला आम्हाला एकाहून अधिक जणांनी दिला होता. कधीच चालू शकणार नाही असं जुनं हत्यार 1959 च्या कायद्यातून सुटतं, हे खरं. पण मग उरतं ते शोभेचं लोखंड. दुसरा सल्ला नळ्या पॉलिश करून चकचकीत करण्याचा. लोखंड आणि पोलाद पिळून केलेल्या या दमास्कस नळ्यांवरची नागमोडी वेल त्या पॉलिशने पुसली जाते आणि आधीच पातळ असलेली भिंत आणखी झिजते. तुम्ही तिसरंही बजावलंत: नायट्रोचा, म्हणजे आजच्या बिनधुराच्या दारूच्या चाचणीचा, शिक्का 1896 नंतरचा, तो इथे नाही. म्हणजे आजचं काडतूस यात घालायचं नाही, हौस म्हणून एकदासुद्धा नाही.

किमतीबद्दल तुम्ही इतकं सरळ बोललात की भाऊ जरा हिरमुसलेच. विलायतेतल्या लिलावाचे आकडे त्यांनी काढून ठेवले होते. ते आकडे आपले नव्हेत, हे तुम्ही समजावलंत. शंभर वर्षं उलटलेली अशी वस्तू 1972 च्या पुरातन वस्तूंच्या कायद्याने देशाबाहेर विकता येत नाही. इथे गिऱ्हाईक हवं तर परवानावालाच, आणि त्याला हवी असते वापरायची वस्तू. 1980 च्या दशकात बाहेरची हत्यारं यायची बंद झाल्यापासून साधं विलायती रिव्हॉल्वर हिच्यापेक्षा जास्त भाव घेतं. मला ते फारच अन्यायाचं वाटलं, तुम्ही नुसते हसलात. मग चिठ्ठीवर दोन आकडे लिहून दिलेत, एक जाणकार संग्राहकाकडचा आणि एक घाईत विकली तर मिळेल तो. दोन्हींत बरंच अंतर आहे. ते आकडे इथे लिहीत नाही.

विकायचं नाही असं ठरलं आहे. वारस म्हणून परवान्याचा अर्ज माझ्या नावाने दिलाय. तो मंजूर होईपर्यंत बंदूक तुमच्याकडेच राहील. नळीवरचा, आतले घोडे असलेल्या पेटीवरचा आणि पुढच्या लाकडावरचा क्रमांक एकच आहे असं तुम्ही दाखवलं होतंत, तो लिहून मी बर्मिंगहॅमला त्या कंपनीला पत्र टाकते आहे. त्यांच्या जुन्या वह्या आहेत म्हणालात. पत्राचा मसुदा धाकट्याच्या हाती पाठवते, शिक्क्यांची नावं नीट लिहिली आहेत का ते तेवढं बघा. आणि या वेळी चहाचे पैसे तो देईल, त्याला अडवू नका.

काकूंना नमस्कार. कळावे,

आपली,
बाबांची थोरली